घसरगुंडीवरचा भारद्वाज

नोकरीच्या पहिल्या दोन मुलाखतींत मी नापास झाले, त्याची कारणं माझ्या मते अगदी सरळ होती. पहिल्या ठिकाणी टायपिंगच्या परीक्षेत मी ‘डिअर सर’च्या जागी ‘डेड सर’ टाइप केलं. दुसऱ्या ठिकाणी घाबरून माझा आवाजच बसला. साहेब काहीही विचारोत, मी नुसती मान हलवत होते. शेवटी ते वैतागून म्हणाले, “बाई, तुम्हाला बोलता येतं का?” त्यावरही मी मानच हलवली आणि गडबडीत ती आडवी हलली.

आईला ही कारणं मुळीच मान्य नव्हती.

“टायपिंगचो काय दोष नाय,” ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “दोन्ही टायमाक तू भायर पडलंस, आणि भारद्वाज काय दिसाक नाय. मगे काय होतला?”

माझी आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईला आली त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण शुभ-अशुभाचं तिचं सगळं खातं अजून गावालाच होतं. कावळ्याएवढा, अंगानं काळाकुळकुळीत, पंख विटकरी, डोळे लालभडक, असा हा भारद्वाज. झुडपांतून पायीपायीच फिरतो आणि ‘हूप हूप हूप’ असा घुमतो. सकाळी तो नजरेला पडला की त्या दिवशी हातात घेतलेलं काम झालंच म्हणून समजायचं. तिच्या माहेरी तो म्हणे रोज सकाळी विहिरीच्या कठड्यावर येऊन बसायचा.

“रोज दिसायचा, तर मग तू मुलुंडला दोन खोल्यांत कशी काय आलीस?” मी विचारलं.

“तोंड लय चालता तुझा,” आई म्हणाली. “मुलाखतीत खंय जाता ता?”

बाबा कोपऱ्यात दाढी करत होते. गिरणी बंद पडल्यापासून ते भांडुपला एका छापखान्यात जायचे आणि घरातल्या वादांत फार पडायचे नाहीत. त्या दिवशी मात्र आरशातूनच म्हणाले, “मगे अर्ज भारद्वाजाकच कर ना. कंपनीक कशाक करतंस?”

तिसरं पत्र एप्रिलमध्ये आलं. कुर्ल्याला पाइप बनवणारी एक कंपनी होती, तिला टायपिस्ट हवी होती. शुक्रवारी सकाळी साडेदहाला हजर राहायचं होतं. पत्र वाचून मी टायपिंगच्या क्लासला पळाले आणि आई भारद्वाजाच्या शोधाला लागली.

तिने कोणाकोणाला विचारलं ते मला नंतर कळलं. दूधवाल्याला, पोस्टमनला, इस्त्रीवाल्याला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना. पोस्टमनला तर तिने इतक्या गंभीरपणे विचारलं की त्याला भारद्वाज नावाचे कोणी गृहस्थ बिल्डिंगमध्ये राहायला आले असं वाटलं आणि तो दोन दिवस पाट्या वाचत फिरला. शेवटी काकूंनी सांगितलं की पालिकेच्या बागेत तसला आवाज सकाळी हटकून येतो. बाग आमच्यापासून दहा मिनिटांवर. आई बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवस पहाटे जाऊन आली. आवाज ऐकून आली, पण पक्षी काही तिला दिसला नाही.

“असा थयसरच,” ती म्हणाली. “झाडीत असा. उद्या तुका घेऊन जातंय. आज-उद्या नाय, उद्याच दिसाक होयो.”

मी नाही म्हटलं. मग रडून पाहिलं. मग अंघोळ करून तयार झाले, कारण आईशी वाद घालण्यापेक्षा बागेत जाऊन येणं लवकर झालं असतं. नेसायचं काय हाही एक प्रश्नच होता. माझ्याकडे चांगली अशी एकच साडी होती, फिकट पिवळी, कडक इस्त्रीची. ती मुलाखतीसाठी. मी म्हटलं, बागेत पंजाबी ड्रेस घालून जाते, परत येऊन साडी नेसते. आई म्हणाली, मग दर्शन कोणाला झालं? ड्रेसवालीला. मुलाखतीला जाणार साडीवाली. म्हणून सकाळी साडेसहाला मी कडक इस्त्रीच्या साडीत, वेणीत गजरा, हातात प्रमाणपत्रांची फाइल अशी बागेच्या फाटकातून आत शिरले. आईच्या हातात तिची नेहमीची कापडी पिशवी होती. ती पिशवी तिने का आणली हे तिलाही माहीत नव्हतं. घराबाहेर पडताना पिशवी घ्यायचीच, एवढंच.

बाग तशी साधीच. मध्ये पाणी नसलेलं कारंजं, चार बाकडी, सिमेंटची उंच घसरगुंडी, भोवती मेंदीचं कुंपण, मागच्या भिंतीवर बोगनवेल आणि एका कोपऱ्यात तगरी-जास्वंदीची गच्च दाटी. आवाज तिथूनच आला. हूप, हूप, हूप.

आई जागच्या जागी थांबली. तिने पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि ओणवी होऊन जास्वंदीत शिरली. बाहेर राहिली ती फक्त तिची पाठ.

“आई, उठ ना!” मी कुजबुजले. “लोक बघतायत.”

“तू गप रव. पाय दिसतत माका.”

तिला दिसलेले पाय माळ्याचे होते.

“ओ बाई!” माळी पलीकडून गरजला. त्याच्या हातात झाडं कापायची मोठी कातर होती. “सापडला बघा आज! रोज सकाळी निम्मी बाग कोण न्हेतंय, म्हनलं. पिशवी दावा आदी!”

तेव्हा आमच्या भागात देवपूजेची फुलं पालिकेच्या बागेतून आणायची पद्धत होती आणि ती पद्धत मोडून काढायची असा त्या माळ्याने विडा उचलला होता. आईने पिशवी उलटी करून दाखवली. तीतून एक पोस्टकार्ड पडलं, एक लिंबू पडलं आणि कधीचीतरी किल्ली पडली. फूल एकही नाही. माळी जरा खट्टू झाला.

“मग झुडपात काय करताय?”

“भारद्वाज बघतंय,” आई म्हणाली. “चेडवाची मुलाखत असा.”

माळी साताऱ्याकडचा. त्याला मालवणी कळली नसावी, पण भारद्वाज कळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

“ते पाखरू व्हय? हाय की. माझ्या कुंड्यांतल्या गोगलगाई खातंय. पर लय लाजाळू बघा. मानसानं मान वर केली का बसलंच ते खाली.” त्याने आवाज उतरवला. “आमच्यात बी म्हनत्यात, दिसला की काम व्हतं.”

झालं. आईला जोडीदार मिळाला.

आता रोज सकाळी त्या बागेत दोन आजोबा येत असत. एकजण एप्रिलच्या उकाड्यातही माकडटोपी घालून यायचे. ते रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांना नवी कवळी बसवली होती आणि ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी टक् करून वाजायची. दोघं एकाच बाकावर बसून रोज भांडत. माळी आणि आई कुजबुजताना दिसल्यावर ते दोघंही उठून आले.

“काय शोधताय?” टोपीवाल्यांनी विचारलं.

“भारद्वाज. माझी आज मुलाखत आहे,” मी म्हणाले. मला आता लाजायचाही कंटाळा आला होता.

“इथे भारद्वाज असणं शक्य नाही,” कवळीवाले म्हणाले. “तो आवाज समोरच्या बिल्डिंगमधल्या पाण्याच्या पंपाचा आहे.” टक्.

“पंप कधीपासून झाडात बसायला लागला?” टोपीवाले म्हणाले. “बाई, तुम्ही काळजी करू नका. चाळीस वर्षं मालधक्क्यावर काढलीयेत मी. बिनपत्त्याच्या गोण्या शोधून काढल्यात, हा तर पक्षी आहे. आधी सांगा, गाडी किती वाजता आहे?”

“नवाच्या आत निघायला हवं.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “म्हणजे दोन तास आहेत. ठीक. माळीबुवा, तुम्ही डावीकडून. बाई, तुम्ही उजवीकडून. मी कारंज्यावर उभा राहून नजर ठेवतो. मुलगी मध्ये. मुलीने हलायचं नाही, तिचे कपडे इस्त्रीचे आहेत.”

“आणि मी?” कवळीवाल्यांनी विचारलं.

“तुम्ही पंपाकडे जा.”

अशी सगळी माणसं जागेवर गेली. टोपीवाले आजोबा कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर चढले आणि हात वर करून आगगाडी सोडल्यासारखी खूण केली. माळी आणि आई दोन्ही बाजूंनी झुडपं हळूहळू बाजूला करत पुढे सरकू लागले.

त्याच वेळी फिरायला येणाऱ्या एक गुजराती बेन बागेला फेऱ्या मारत होत्या. पांढऱ्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हात जोरजोरात पुढे-मागे. आमच्यापाशी आल्या तशा न थांबताच त्यांनी विचारलं, “क्या खोया?”

“पक्षी,” मी म्हणाले.

“पिंजरे का था?”

“नहीं, जंगल का.”

“तो खोया कैसे?” असं विचारत त्या पुढे निघूनही गेल्या. पुढच्या फेरीत उत्तर घेतील असं वाटलं.

इतक्यात पुन्हा आवाज आला. पण या वेळी तो जास्वंदीतून नव्हता. उंबराच्या झाडामागे करवंदासारखी दाट जाळी होती, तिच्यामागून येत होता. हुप्. हुप्. हुप्. अगदी ठसठशीत आणि जवळून. टोपीवाल्यांनी कारंज्यावरून बोटाने दाखवलं आणि तेही खाली उतरून आले. आईने चपला काढल्या. माळ्याने कातर खाली ठेवली. कवळीवालेही पंप सोडून चवड्यांवर चालत आले. बेनही त्यांची फेरी थांबवून आमच्यामागे उभ्या राहिल्या. आईने मला हाताला धरून सगळ्यांच्या पुढे घेतलं, दुसऱ्या हाताने हळूच फांदी बाजूला केली आणि कुजबुजली, “हात जोड.”

मी हात जोडले. सगळ्यांनीच जोडले.

जाळीमागे एक जाडजूड गृहस्थ बनियन आणि अर्धी चड्डी घालून मांडी ठोकून बसले होते. डोळे मिटलेले, पोट आत-बाहेर आणि प्रत्येक वेळी नाकातून ‘हुप्’. प्राणायाम चालला होता.

त्यांनी डोळे उघडले. समोर सहा माणसं हात जोडून उभी. एक मुलगी तर गजरा माळून, साडी नेसून आलेली. त्या गृहस्थांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनीही घाबरत घाबरत आम्हाला नमस्कार केला.

“मी म्हटलं होतं, पंप आहे,” कवळीवाले म्हणाले. टक्.

आई इतकी संतापली की तिने त्या गृहस्थांनाच झापलं. “सकाळच्या वक्ताक असो आवाज काढतत? लोकांका काय वाटात?” त्या बिचाऱ्यांनी माफी मागितली. काय चाललंय ते कळल्यावर मात्र त्यांचा उत्साह सगळ्यात दांडगा ठरला. ते म्हणाले, तो खरा पक्षी माझ्या ‘हुप्’ला रोज उत्तर देतो. मी आवाज काढतो, तुम्ही बघा. आणि ते पुन्हा बसले, टोपीवाले पुन्हा कारंज्यावर चढले.

खरंच उत्तर आलं. मागच्या भिंतीजवळून, बोगनवेलीच्या बाजूने.

इथे माझी चूक झाली. सगळ्यांनी मला मध्ये उभी राहायला सांगितलं होतं. पण बोगनवेलीखाली वाळलेली पानं खसखसली, सगळ्यांत जवळ मीच होते आणि एवढा तास घालवल्यावर मलाही आता तो मेला भारद्वाज बघायचाच होता. फाइल बाकावर ठेवून मी भिंतीपाशी गेले, वाकले आणि वेलीखाली डोकं घातलं. दिसलं काहीच नाही. डोकं बाहेर काढायला गेले तर येईना. वेणी काट्यांत अडकली होती. हाताने वेणी सोडवायला गेले तर पदर अडकला. पदर सोडवायला गेले तर बाहीही गेली. मी तशीच भिंतीकडे तोंड करून, अर्धी वाकलेली, अडकून राहिले.

आणि तेवढ्यात मागे एकच कालवा उठला. कावळे.

पुढचं सगळं मी फक्त ऐकलंय. पाहिलं इतरांनी. भारद्वाज मेंदीच्या कुंपणातून बाहेर पडला, बहुतेक कुठल्यातरी घरट्यातली अंडी चोरून, कारण दोन कावळे त्याच्या शेपटीलाच लागले होते. उडणं त्याला फारसं जमत नाही. तो कसाबसा फडफडत बागेच्या मधोमध आला, टोपीवाल्यांच्या डोक्यावरून गेला आणि कारंजं ओलांडून घसरगुंडीच्या अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसला. कावळ्यांपैकी एकाला टोपीवाल्यांची काळी माकडटोपी दिसली. त्याने भारद्वाज सोडला आणि टोपी धरली. दुसरा चक्रावून उंबरावर बसला. आणि भारद्वाजाने घसरगुंडीवर, कोवळ्या उन्हात, दोन्ही पंख ताणून पसरले आणि वाळत घातल्यासारखा निवांत बसून राहिला.

“गो!” आई किंचाळली. “दिसलो! माका दिसलो! बघ, बघ!”

“आई, मी अडकलेय!”

“मान फिरव!”

“फिरत नाही!”

“अगो, मान फिरव, घसरगुंडीर असा!”

मला भिंत दिसत होती. भिंतीवर कोणीतरी कोळशाने बदाम काढला होता, त्यात बाण होता. मी तो बदाम इतका वेळ पाहिला की अजून आठवतो.

“काय देखणा आहे हो,” बनियनवाले म्हणत होते. “डोळे बघा, माणकासारखे.”

“पंख पसरलेत,” कवळीवाले म्हणाले. “पंप नाही हे मान्य.” टक्.

“कोणीतरी मुलीला वळवा!” टोपीवाले कारंज्यावरून ओरडले. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, पण कर्तव्य ते विसरले नव्हते.

आईची पंचाईत झाली. लेकीला सोडवायला जावं तर नजर पक्ष्यावरून काढावी लागणार. तिने दोन्ही साधायचं ठरवलं. पक्ष्याकडे बघत बघत ती उलटी चालत माझ्याकडे आली, येऊन माझ्या पाठीवर आदळली आणि मी वेलीत आणखी चार बोटं आत गेले. मग माळी कातर घेऊन धावला. माझ्या कानाशी कातरीचा खचकन आवाज झाला.

“वेणी नको हां!” मी ओरडले.

“न्हाय न्हाय, फांदीच कापतोय,” तो म्हणाला. पण त्याचंही लक्ष घसरगुंडीकडे होतं, त्यामुळे मी पूर्ण वेळ देवाचं नाव घेत होते. तीन फांद्या गेल्या, पदराचा एक कोपरा गेला, माझ्या गालावर ओरखडा उठला आणि मी सुटले. गर्रकन वळले.

घसरगुंडी रिकामी होती.

“आत्ता गेला,” बनियनवाले हळहळले. “अगदी आत्ता. तुम्ही वळलात आणि गेला.”

आई मटकन बाकावर बसली. शेवटी गुजराती बेन पुढे आल्या आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अरे, ये तो होको है. ये देखने के वास्ते इतना किया? ये तो हमारे संडास के छप्पर पे रोज बैठता है.”

आईने मान वर केली. “कितने बजे?”

“चार बजे. दोपहर में.”

आईने पुन्हा मान खाली घातली.

मग वाद सुरू झाला. मुलाखत देणारीने स्वतःच पाहायला हवा का, की तिच्या वतीने दुसऱ्याने पाहिलेला चालतो? कवळीवाले म्हणाले, मुळीच चालत नाही, चष्मा ज्याचा त्याने लावायचा असतो. माळी म्हणाला, ह्यांच्या आईसायबांनी बघितला म्हंजे पोरीनंच बघितला, रगत एकच. टोपीवाल्यांनी दोघांना गप्प केलं. ते उंबराखाली पडलेली टोपी झटकत होते.

“हे बघा,” ते म्हणाले. “माल एका स्टेशनवर उतरला आणि दुसरीकडे हवा असेल तर काय करतात? पुढे पाठवतात. दर्शन आम्हाला झालंय ना? मग आम्ही ते मुलीकडे पाठवू.”

“कसा?” आईने डोळे पुसत विचारलं.

त्यांनी उत्तरादाखल आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला. बनियनवाल्यांनी त्याच्यावर आपला ठेवला. मग माळ्याने मातीचा हात धोतराला पुसला आणि तसाच ठेवला. बेननी ठेवला. कवळीवाल्यांनी शास्त्र म्हणून नव्हे तर केवळ मुलीचं मन राखायला म्हणून ठेवला. सगळ्यांत शेवटी आईने दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. सकाळच्या आठ वाजता पालिकेच्या बागेत मी सहाजणांच्या हातांखाली खांदे आखडून उभी होते आणि फाटकातून आत येणारा एक माणूस आम्हाला बघून आल्या पावली परत गेला.

पदराचा फाटलेला कोपरा आईने आतल्या बाजूला वळवून पिन लावली. गाल पुसला. गजरा काट्यांतच राहिला होता, तो राहू दिला.

कुर्ल्याला मी वेळेवर पोहोचले. आधी टायपिंगची परीक्षा झाली. बोटं काट्यांनी ठणकत होती, त्यामुळे मी फार जपून, एकेक अक्षर बघत टाइप केलं. ‘डिअर सर’ दोनदा वाचून पाहिलं. सर जिवंत होते. मग आत बोलावलं. टेबलामागे एक टकलू साहेब आणि पन्नाशीच्या एक मराठी बाई बसल्या होत्या. मी तयारी केलेल्या एकाही प्रश्नाला हात न लावता बाईंनी विचारलं, “तुमच्या केसांत काय आहे?”

मी चाचपलं. वाळलेली माती होती आणि बोगनवेलीचं एक पान.

काहीतरी सभ्य उत्तर द्यायला हवं होतं. पण मला एकही सुचेना. मी म्हणाले, “तो माळ्याचा हात आहे.” आणि हे वाक्य अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं म्हणून मग माळी कोण ते सांगितलं, मग कातर, मग पाण्याचा पंप, मग प्राणायाम. मी थांबलेच नाही. बाई हळूहळू खुर्चीतून पुढे सरकत गेल्या. साहेबांना मराठी अर्धवटच कळत होतं. ते दर दोन वाक्यांनी बाईंना विचारायचे आणि बाई हसू आवरत त्यांना इंग्रजीत समजावायच्या. टोपी पळवल्याचं ऐकून साहेबांनी चष्मा काढला आणि टकलावरून हात फिरवला.

“मग तुम्हाला दिसला का शेवटी?” बाईंनी विचारलं.

“नाही. मला भिंत दिसली.”

साहेबांनी आणखी एकच प्रश्न विचारला. फोनवर एवढंच बोलता येईल का? मी हो म्हणाले. तोंडाने.

घरी आले तर आई पाटावर पाय सोडून बसली होती. बागेच्या फाटकातून बाहेर पडताना तिचा पाय मुरगळला होता. घोटा चांगला वांग्याएवढा सुजला होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत बाकीच्यांच्याही बातम्या आल्या, कारण आई लंगडत का होईना, बागेत जायचं सोडत नव्हती. बोगनवेल छाटली म्हणून माळ्याला त्याच दिवशी वरच्या साहेबांनी फैलावर घेतलं होतं. कवळीवाल्यांची कवळी दुपारी चिक्की खाताना तडकली. बनियनवाले ज्या जागी मांडी ठोकून बसले होते तिथे लाल मुंग्यांचं वारूळ निघालं. टोपीवाल्यांना टाळूवर कावळ्याची चोच लागली म्हणून इंजेक्शन घ्यावं लागलं. आणि बेन दुपारी चार वाजता संडासात होत्या, तेव्हा बाहेरची कडी आपोआप पडून त्या अर्धा तास आत अडकल्या. पक्षी तेव्हा छपरावर होता, त्यांनी स्वतः ऐकला.

“बघ,” बाबा आईला म्हणाले, “तुझो भारद्वाज. जेनी बघितल्यानी, तेंची सगळ्यांची वाट लागली.”

आठवड्याने मला नेमणुकीचं पत्र आलं.

बाबांनी पत्र उलटसुलट करून दोनदा वाचलं. आईला मात्र काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. “ह्यात काय समजूक कठीण असा?” ती म्हणाली. “जेवढा नशीब होता तेवढा सगळा तेनी हिच्या डोक्यार ठेवल्यानी. मगे तेंच्याकडे काय रवतला?”

यावर बाबांनी पत्राची घडी घातली आणि देवापुढे ठेवली.

सोमवारपासून कामावर रुजू व्हायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी आई पेढे घेऊन मला बागेत घेऊन गेली. सगळे होते. पेढे तोंडात पडताच नवं भांडण सुरू झालं, नेमका गुण कोणाच्या हाताला आला. टोपीवाले म्हणाले, पहिला हात माझा होता. बनियनवाले म्हणाले, पण पक्ष्याला बोलावलं कोणी? माळी म्हणाला, बाईंनी मुलाखतीत इच्यारलं कुनाच्या हाताचं? माझ्या. आणि ते खरंच होतं. कवळीवाल्यांची कवळी दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे त्यांना मुद्दा मांडता येईना. ते नुसतेच हात वर करून स्वतःकडे बोट दाखवत होते.

बेननी दोन पेढे घेतले, एक खाल्ला, एक रुमालात बांधला आणि आईला विचारलं, “अब लडकी की शादी कब?”

“करूची असा,” आई म्हणाली.

“शादी के वास्ते नीलकंठ देखने का. बहुत अच्छा.”

आईने पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर नीट बसली. नीलकंठ कुठे दिसतो, असं तिने विचारायच्या आतच टोपीवाले आजोबा सरसावून म्हणाले, पूर्वेला मिठागरांकडे जा, तिथे तारेवर बसलेला असतो, सकाळी सातच्या आत जायला हवं, आणि किती माणसं लागतील ते ते बोटांवर मोजू लागले.

मी म्हटलं, मला उद्यासाठी साडीला इस्त्री करायचीय. पेढ्यांचा रिकामा खोका उचलला आणि मी घरी निघाले.